चिऱ्याच्या भिंतीतील भूकंपपट्टे आणि उभ्या सळया: पायापासून आढ्यापर्यंत कामाचा क्रम

"दारा-खिडक्यांवर लिंटेल टाकले आहेत, म्हणजे भूकंपाचे काम झाले" हे वाक्य कोकणात घराच्या जवळजवळ प्रत्येक कामावर ऐकू येते आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. खिडकीवरचा लिंटेल फक्त खिडकीवरच्या थरांचा भार पेलतो. भूकंपपट्टा, म्हणजे भिंतीच्या पूर्ण रुंदीचा, आत सळई असलेला काँक्रीटचा आडवा पट्टा, मात्र घराच्या सगळ्या भिंतींवरून, आतल्या आणि बाहेरच्या, कुठेही न तुटता फिरून स्वतःला येऊन मिळतो आणि सगळ्या भिंतींना एका पेटीसारखे बांधून ठेवतो. तो एका जागी जरी तुटला, तरी त्या जागेपुरती भिंत सुटी राहते.

जमीन हलते तेव्हा भिंतीला तिच्या लांबीच्या दिशेने धक्का बसला तर ती बरीच तग धरते, पण तोच धक्का तिच्या अंगावर आडवा आला तर ती पत्त्यासारखी बाहेर कलंडते. आडवे पट्टे त्या कलंडणाऱ्या भिंतीला काटकोनातल्या भिंतींशी जखडतात. उभ्या सळया भिंत मुळापासून उचलली जाऊ नये आणि दोन दारा-खिडक्यांमधला खांबासारखा भाग डुलून फुटू नये यासाठी असतात. दगडी बांधकाम दाब उत्तम सोसते, ताण जवळजवळ सोसत नाही. तो ताण सळईने घ्यायचा असतो. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: इथे सळई अखंड आहे का, आणि ती काँक्रीटमध्ये पूर्ण गुरफटलेली आहे का?

हा लेख जांभ्याच्या चिऱ्यातील (जांभा दगडाच्या कापीव ठोकळ्यांतील), सिमेंटच्या मालात बांधलेल्या, भिंतींवर भार असलेल्या एक किंवा दोन मजली घरांसाठी आहे. कॉलम-बीमचा सांगाडा करून मध्ये नुसता चिरा भरला जातो, त्या घरांचे नियम वेगळे आहेत. खालील आकडे प्रामुख्याने आयएस ४३२६ या भारतीय मानकावर आधारलेले आहेत. तरीही नकाशा अभियंत्याने काढलेला आणि सही केलेला असावा.

टप्पा १: काम सुरू होण्यापूर्वी कागदावर ठरवायच्या गोष्टी

प्रथम घर कोणत्या भूकंपक्षेत्रात (झोनमध्ये) येते ते पाहावे; झोनचा क्रमांक जितका मोठा, तितका धोका जास्त. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या नकाशात कोयनेलगतचा पट्टा झोन चारमध्ये आणि किनाऱ्याचा बराचसा भाग झोन तीनमध्ये आहे. कुंभार्ली घाट चढला की कोयना येते, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप तिथलाच. त्यामुळे चिपळूण-संगमेश्वरकडे घर बांधणाऱ्याने झोन चार धरूनच चालावे असे माझे मत आहे. त्यासाठी वाढणारा खर्च थोड्या सळईचा आणि थोड्या सिमेंटचा असतो.

दुसरी गोष्ट उघड्यांची, म्हणजे दारे-खिडक्यांची. पडवीकडची भिंत शोभिवंत करण्याच्या नादात तिच्यात इतकी उघडी जागा ठेवली जाते की भिंत उरतच नाही. एका भिंतीतल्या सगळ्या उघड्यांच्या रुंदीची बेरीज भिंतीच्या लांबीशी ताडून पाहावी. एकमजली घराला झोन तीनमध्ये हे प्रमाण ०.५५ पर्यंत आणि झोन चारमध्ये ०.५० पर्यंत चालते. दुमजली घराला अनुक्रमे ०.४६ आणि ०.४२.

उदाहरण घेऊ. भिंत ६ मीटर, एक दार १ मीटर, दोन खिडक्या प्रत्येकी १.२ मीटर. बेरीज ३.४ मीटर, प्रमाण सुमारे ०.५७. ही भिंत दोन्ही क्षेत्रांत नापास आहे. खिडक्या ०.९ मीटरच्या केल्या तर बेरीज २.८ मीटर होते, प्रमाण ०.४७ येते आणि एकमजली घर दोन्हीकडे बसते. घरात उजेड काही फार कमी होत नाही.

कोपऱ्याच्या आतल्या कडेपासून पहिली उघडी जागा झोन तीनमध्ये किमान २३० मिलिमीटर आणि झोन चारमध्ये किमान ४५० मिलिमीटर दूर हवी. दोन उघड्यांमधला भरीव भाग अनुक्रमे किमान ४५० आणि ५६० मिलिमीटरचा हवा. कोपऱ्याला चिकटून खिडकी घेतली की तिथली उभी सळई आणि पट्टा दोन्ही दुबळे होतात.

तिसरी गोष्ट भिंतीच्या लांबीची. आडव्या भिंतींनी न अडवलेली लांबी जितकी जास्त, तितकी पट्ट्यातली सळई जाड लागते. ५ मीटरपर्यंत दोन्ही क्षेत्रांत ८ मिलिमीटरच्या दोन सळया पुरतात. ६ मीटरला झोन तीनमध्ये ८ च्या दोन, झोन चारमध्ये १० च्या दोन. ७ मीटरला झोन तीनमध्ये १० च्या दोन, झोन चारमध्ये १२ च्या दोन. ८ मीटरला झोन तीनमध्ये १२ च्या दोन आणि झोन चारमध्ये १० च्या चार. लांबलचक ओटी-माजघराचा एकच हॉल करायचा असेल, तर हा हिशेब आधी करावा.

तपासणी: नकाशावर जोत्याचा, लिंटेलचा आणि छपराचा असे तिन्ही पट्टे रंगीत पेन्सिलीने बोट न उचलता गिरवून पाहावेत. पेन्सिल जिथे उचलावी लागते, तिथे चूक आहे. जिन्याच्या उंच खिडकीपाशी आणि पडवीच्या कमी उंचीच्या भिंतीपाशी ती हमखास उचलावी लागते.

टप्पा २: चिरा, वाळू, पाणी आणि सळई

चिरा खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. किमान तीन महिने उघड्यावर मुरलेला चिरा घ्यावा. पाहण्याची रीत सोपी आहे: थापीच्या दांड्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा, पिवळ्या-पांढऱ्या मातीचे मोठे गड्डे पोटात नसावेत आणि कोपरा नखाने खरवडून भुगा पडू नये. आयएस ३६२० नुसार चिऱ्याची दाब सोसण्याची ताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. मोठी खरेदी असेल तर चार-पाच नमुने प्रयोगशाळेत द्यावेत.

वाळूच्या बाबतीत किनाऱ्यावर सर्वांत जास्त नुकसान होते. समुद्राची किंवा खाडीची खारी वाळू आणि विहिरीचे मचूळ पाणी यांतला क्लोराइड काँक्रीटमधली सळई आतून गंजवतो. आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातला क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावा. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात अधिक खारट होते, म्हणून पाण्याचा नमुना काम चालू असण्याच्या महिन्यातच तपासून घ्यावा.

खाडीकाठच्या एका घरात लिंटेलच्या रेषेत गिलावा फुगला होता म्हणून मी तो फोडून घेतला. आतली ८ मिलिमीटरची सळई पापडाच्या पापुद्र्यांसारखी सुटत होती. पापुद्रे काढल्यावर उरली ती जाडसर तारेएवढी. घरमालकांनी पट्टा हौसेने आणि योग्य जागी घातला होता. वाळू खाडीची होती.

सावधान: गंजून पापुद्रे सुटलेली सळई वापरू नये. वरवरचा तांबूस थर तारेच्या ब्रशने घासून काढला तर चालतो. सळई पावसाळाभर उघड्यावर ठेवण्यापेक्षा लागेल तेव्हा आणावी.

टप्पा ३: पाया आणि उभ्या सळयांची सुरुवात

सर्वांत जास्त वेळा चुकणारा टप्पा हाच आहे, कारण उभ्या सळईचा विचार भिंत सुरू होताना केला जातो, तेव्हा पाया भरून झालेला असतो. माझ्या सुरुवातीच्या एका कामावर सळया जोते झाल्यावर आल्या. गवंड्याने जोत्यात वीतभर खोल भोके पाडून त्या रोवल्या आणि माल भरला. आठवड्याने मी एक सळई दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि ती मुळासकट वर आली. भूकंपात ती एवढीच कामाची ठरली असती.

म्हणून क्रम असा ठेवावा:

१. पायाच्या तळाच्या काँक्रीटमध्येच उभ्या सळईचे टोक काटकोनात वळवून बसवावे. आडवा पाय सुमारे ३०० मिलिमीटरचा असावा आणि त्याच्याखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारा छोटा ठोकळा, ठेवावा.

२. सळईची जागा भिंतीच्या मध्यरेषेवर हवी. त्यासाठी आखणीची दोरी बांधून गुण्याने कोपरा काटकोनात घेतल्यावरच सळई उभी करावी. आधी सळई आणि मग आखणी असे केले की सळई चिऱ्याच्या कडेला येते आणि गवंडी तिला वाकवतो.

३. सळई बांबूच्या तिकाटण्याने ओळंब्यात धरून ठेवावी.

झोन चारमधल्या एकमजली घराला कोपऱ्यांत आणि भिंती जिथे मिळतात तिथे १० मिलिमीटरची एकेक सळई लागते; दुमजली घराला खालच्या मजल्यावर १२ आणि वरच्या मजल्यावर १० मिलिमीटरची. दारा-खिडक्यांच्या बाजूंनाही उभ्या सळया घ्याव्या लागतात. झोन तीनमधल्या एक-दोन मजली घरांना उभ्या सळईची सक्ती नाही. तरीही कोपऱ्यांत त्या घालाव्यात असा माझा आग्रह असतो, कारण कौलारू घराला वरून दाबून धरणारे स्लॅबचे वजन नसते.

जोत्याचा पट्टा कुठे लागतो याचेही उत्तर कोकणात जमिनीकडे पाहूनच मिळते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, संपूर्ण घर एकसंध कातळावर असेल तर तो टाळता येतो. उतारावर मात्र अर्धे जोते कातळावर आणि अर्धे भरावावर येते. खाडीकाठी तर सगळेच भरावावर असते. अशा ठिकाणी जोत्याचा पट्टा घातलाच पाहिजे.

तपासणी: पाया बुजवण्यापूर्वी प्रत्येक उभ्या सळईचा फोटो मापपट्टी लावून काढावा. माती पडल्यावर ही तपासणी पुन्हा होत नाही.

टप्पा ४: भिंतीचे थर

झोन तीनमध्ये सिमेंट-वाळूचा माल किमान १:६ आणि झोन चारमध्ये १:४ असावा. पाणी घातलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवावा. दुपारच्या जेवणानंतर घट्ट झालेल्या घमेल्यात पुन्हा पाणी ओतून तो वापरणे ही सर्वत्र दिसणारी आणि भिंतीची ताकद सरळ कमी करणारी सवय आहे.

चिरा सच्छिद्र असतो. कोरडा चिरा मालातले पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो, म्हणून बसवण्यापूर्वी तो भिजवलेला असावा. पाणी निथळल्यावर बसवावा. दोन थरांचे उभे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत, सांधेमोड किमान चिऱ्याच्या पाव लांबीची राखावी. उभा सांधा मालाने पूर्ण भरावा. बरेच कारागीर उभ्या सांध्याच्या फक्त तोंडाला माल लावतात आणि आत पोकळी राहते. चिऱ्याच्या बाहेरून ते कळत नाही, एखादा चिरा लगेच उचलून पाहिला तरच कळते. दिवसातून दोनदा असा चिरा उचलून पाहावा. गवंडीदादा रागावले तरी चालेल.

सगळ्या भिंती एकाच वेळी, थराबरोबर थर, वर न्याव्यात. आधी बाहेरच्या भिंती उभ्या करून आतल्या भिंती नंतर जोडल्या, की तो सांधा सरळ उभा आणि सुटा राहतो. तसे करणे टळतच नसेल, तर टोक पायऱ्यापायऱ्यांनी उतरते सोडावे. एका दिवसात मीटर-सव्वा मीटरपेक्षा जास्त उंची चढवू नये.

टप्पा ५: कोपऱ्याच्या चिऱ्यातून सळई नेणे

कोपऱ्याचा चिरा सळईसाठी तासण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत चिऱ्याच्या मधोमध भोक पाडतात. मग प्रत्येक चिरा सळईच्या टोकावरून ओवून खाली आणावा लागतो आणि उंच सळई असली की कारागीर कंटाळून ती कापतो. दुसरी रीत बरी: चिऱ्याच्या आतल्या अंगाने, म्हणजे ज्या बाजूला शेजारच्या भिंतीचा चिरा येऊन टेकणार आहे तिथून, सुमारे १०० मिलिमीटर रुंद खाच मध्यरेषेच्या थोडी पलीकडे जाईल इतकी तासावी. चिरा बाजूने सरकवला की सळई खाचेत येते आणि शेजारचा चिरा खाचेचे तोंड बंद करतो. पुढच्या थरात कोपऱ्याचा चिरा दुसऱ्या भिंतीच्या दिशेने फिरतो, तेव्हा खाच त्याच्या आतल्या अंगाला घ्यावी.

दर दोन-तीन थरांनंतर, म्हणजे साधारण ४५० ते ६०० मिलिमीटर उंची झाली की, पोकळीत पडलेला माल काढावा, पोकळी ओली करावी आणि १० मिलिमीटरच्या बारीक खडीचे काँक्रीट भरून सळईने ठासावे. पूर्ण उंचीची पोकळी एकदम भरू नये. मध्ये काँक्रीट अडकते आणि खाली हवा राहते. उरलासुरला माल पोकळीत ढकलणे तर मुळीच चालत नाही.

ओबडधोबड काळ्या दगडाची भिंत असेल तर खाच तासता येत नाही. तिथे सळईभोवती ७५ मिलिमीटरचा पाइपचा तुकडा ठेवून त्याच्याभोवती बांधकाम करावे, पाइप फिरवत-फिरवत वर घ्यावा आणि खाली राहिलेली पोकळी काँक्रीटने भरावी.

सळई जोडावी लागली तर दोन टोके एकमेकांशेजारी सळईच्या व्यासाच्या ६० पट लांब राहावीत. १० मिलिमीटरच्या सळईला ६०० मिलिमीटर. टोकाला टोक लावून तार गुंडाळणे म्हणजे जोड नव्हे.

टप्पा ६: लिंटेल पातळीचा पट्टा

सर्व पट्ट्यांत हा सर्वांत महत्त्वाचा. घरातल्या सगळ्या दारा-खिडक्यांच्या माथ्याची पातळी एकच ठेवली की पट्टा सरळ फिरतो; म्हणून चौकटी बसवतानाच पाणसळीने सगळीकडे एक रेषा मारून घ्यावी. न्हाणीघराचा झरोका उंच ठेवायचा असला तर तो पूर्णपणे पट्ट्याच्या वर घ्यावा, पट्टा कापून नव्हे.

पट्टा भिंतीच्या पूर्ण रुंदीचा असतो. दोन सळया असतील तर जाडी किमान ७५ मिलिमीटर आणि चार सळया असतील तर किमान १५० मिलिमीटर सांगितलेली आहे. किनाऱ्यावर दोन सळयांचा पट्टाही १०० मिलिमीटर करावा. ७५ मध्ये सळईच्या वर-खाली जेमतेम २५-३० मिलिमीटर काँक्रीट उरते, खाऱ्या हवेला ते पुरत नाही. १०० केल्यास सुमारे ४० मिळते. काँक्रीट एम २० ऐवजी किमान एम २५ या अधिक ताकदीच्या प्रतीचे घ्यावे, आणि घर लाटांच्या तुषारांइतके जवळ असेल तर अभियंत्याकडून त्याहून वरची प्रत ठरवून घ्यावी. दोन्ही लांब सळयांना दर १५० मिलिमीटरवर ६ मिलिमीटरची आडवी कडी बांधावी. खिडकी-दाराच्या वरच्या भागात पट्टाच लिंटेलचे काम करणार असेल, तर त्या भागात जाडी आणि तळाची जादा सळई नकाशाप्रमाणे वेगळी द्यावी.

आता कोपरा. बाहेरच्या बाजूची सळई कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या भिंतीत अखंड जाते, इथवर बहुतेक जण बरोबर करतात. चूक आतल्या सळईत होते. ती आतल्या कोपऱ्यापाशी वळवली, तर ताण आल्यावर सरळ होऊ पाहते आणि कोपऱ्यातले काँक्रीट आतल्या बाजूने फोडून बाहेर पडते. म्हणून आतली सळई कोपऱ्यात वळवू नये. ती सरळ पुढे नेऊन काटकोनातल्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत पोचवावी आणि तिथे वळवून त्या बाजूच्या सळईशी ६० व्यासांइतकी जोडावी. भिंत मध्येच येऊन मिळते तिथेही, म्हणजे टी आकाराच्या सांध्यात, दोन्ही सळया पलीकडच्या बाजूपर्यंत नेऊन तिथे दोन दिशांना वळवाव्यात.

उभी सळई पट्ट्याच्या आतून जाते आणि पट्ट्याच्या सळयांना तारेने बांधली जाते. पट्ट्याखाली ती कापून वर नवी सुरू करणे चुकीचे आहे.

काँक्रीट घालण्यापूर्वीची तपासणी: खालचा थर ओला आणि धूळविरहित आहे का, सळई चिऱ्यावर टेकलेली नसून कव्हर ब्लॉकवर उचललेली आहे का, सगळे कोपरे वरीलप्रमाणे आहेत का, विजेचा पाइप पट्ट्यातून आडवा लांबवर नेलेला नाही ना. काँक्रीट शक्यतो एकाच दिवसात संपूर्ण फेरीचे घालावे. थांबावेच लागले तर कोपऱ्यावर किंवा उघडीवर थांबू नये, भरीव भिंतीच्या मध्यावर थांबावे.

साध्या सिमेंटला सात दिवस, फ्लायअॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला दहा दिवस पाणी मारावे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गोण्या दुसऱ्या प्रकारच्या असतात, म्हणून दहा दिवसच धरावेत. ओले गोणपाट अंथरले तर मे महिन्याच्या उन्हात काँक्रीट सुकत नाही. पावसाच्या आत छप्पर घालण्याच्या घाईत हे दहा दिवस गिळले जातात. त्यासाठी काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावे.

टप्पा ७: छपराचा पट्टा आणि त्रिकोणी भिंत

भिंतींवर सगळीकडून टेकणारा काँक्रीटचा सपाट स्लॅब असेल, तर छपराचा वेगळा पट्टा लागत नाही. उभ्या सळया स्लॅबमध्ये वळवून घ्याव्यात. कौलारू किंवा पत्र्याच्या छपराला मात्र भिंतीच्या माथ्यावर पट्टा हवाच. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती उंच आणि सुट्या असल्याने सर्वांत आधी पडतात. त्यांच्या उतरत्या कडांवरूनही पट्टा न्यावा आणि खाली छपराच्या पट्ट्यात गुंतवावा. शक्य असेल तिथे ही त्रिकोणी भिंत चिऱ्याची न करता हलक्या फळ्यांची किंवा पत्र्याची करावी. धोका जवळजवळ संपतो.

भिंतीवरच्या लाकडी पाटाला किंवा लोखंडी कैच्यांना (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांना) धरणारे बोल्ट पट्ट्याचे काँक्रीट ओले असतानाच बसवावेत. नंतर ड्रिल करून बसवलेले बोल्ट सळईला लागून ती कापतात. हेच बोल्ट वादळातही छप्पर धरून ठेवतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे हे वेगळे सांगावे लागत नाही. कैच्यांच्या तळाच्या आडव्या दांड्यांच्या पातळीवर, आडव्या प्रतलात, तिरक्या पट्ट्या मारून कैच्या एकमेकींशी बांधाव्यात, म्हणजे छप्पर भिंतींना वेगवेगळ्या दिशांना ढकलत नाही.

टप्पा ८: गिलाव्यानंतर घडणाऱ्या चुका

भिंत चांगली झाल्यावर तिचे नुकसान बहुधा वायरमन आणि प्लंबर यांच्या हातून होते. कोपऱ्यापासून अर्धा मीटरच्या आत उभी खाच मारू देऊ नये, कारण तिथे सळई आहे. पट्ट्याला आरपार भोक पाडून पाण्याची पाइप नेऊ नये. पाइप पट्ट्याच्या खालून किंवा वरून न्यावी. पुढे कधी एसीसाठी किंवा नव्या दारासाठी भिंत फोडायची वेळ आली, तर आधी बांधकामाच्या वेळचे पायाचे आणि पट्ट्यांचे फोटो बघून सळई कुठे आहे ते पाहावे. हे फोटो, नकाशा आणि सिमेंट-सळईच्या पावत्या एकाच फाइलमध्ये घरातच ठेवाव्यात आणि घराला पडवी किंवा मजला जोडणाऱ्या पुढच्या गवंड्याच्या हातात काम सुरू होण्यापूर्वी द्याव्यात.